एकमताची पोपटी

"विषय काय आहे?"

जिन्यात, गच्चीवर, नळापाशी, कुठेही हाक मारा. ते आधी छत्री काखेत घेत, चष्मा नाकावर वर ढकलत आणि एवढंच विचारत. माझा धाकटा एकदा पायरीवरून पडून भोकाड पसरून बसला होता. ते त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि त्यालाही तेच विचारलं. पोरगं इतकं गोंधळलं की रडायचंच विसरलं.

छत्री बाराही महिने हातात. तुम्हाला वाटेल ऊन-पावसासाठी. नाही. ती मोजपट्टी होती. वरच्या मजल्यावरची ओली साडी खालच्यांच्या खिडकीवर किती उतरते, कुणाचा स्टोव्ह गॅलरीत किती पुढे आलाय, हे सगळं त्या छत्रीने मोजलं जाई. "अर्धी छत्री खाली आलीय," असं ते अंगणातून वर बघून सांगत आणि वरची बाई निमूट साडी ओढून घेई.

ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. त्यांची बायको, आमच्या काकू, त्यासुद्धा खिडकीतून हाक मारायच्या, "अहो सेक्रेटरी, पानं घेतलीयत." बिल्डिंगला अध्यक्ष होते, खजिनदार होते, पण त्यांचं काम म्हणजे सेक्रेटरी दिसले की दुसऱ्या जिन्याने जाणे.

रोह्याच्या कडेला भाताची खाचरं बुजवून ही बिल्डिंग उभी राहिली होती. नव्वदनंतरची गोष्ट. कंपन्यांत कामाला लागलेल्या आमच्यासारख्या बारा कुटुंबांनी तिथे घरं घेतली. पुढ्यात ऐसपैस मोकळी जागा, तिला आम्ही अंगण म्हणायचो. आणि मी तेव्हा तिशीतली, स्वतःला फार म्हणजे फारच सुधारलेली समजायचे.

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. कासूला गाडीतून उतरायचं आणि बांधावरून चालत सुटायचं. बाप मिठागरावर, आई मिठागरावर, मीही लग्नापर्यंत पायाला मीठ लागलेली. पण फ्लॅटमध्ये आले आणि मी 'नाय' म्हणणं सोडलं. 'नाही' म्हणायला लागले, आणि त्यातल्या 'ही'वर इतका जोर द्यायचे की समोरच्याला वाटावं, बाईला काहीतरी झोंबलंय. टीव्हीवर प्लास्टिकची फुलं ठेवली. महिला मंडळ काढलं. मंडळात तिघी होतो आणि तिघी पदाधिकारी होतो.

मंडळाचं पहिलं कार्य म्हणजे सेक्रेटरींना विरोध. कारण त्यांनी बोर्ड लावले होते. हिरव्या ऑइलपेंटने, स्वतःच्या हाताने. 'जिन्यात उभे राहून बोलू नये.' दोन दिवसांनी आम्ही पायऱ्यांवर बसून बोलायला लागलो, तर खाली नवी ओळ आली, 'बसूनही बोलू नये.' गच्चीच्या दारावर 'गच्ची सर्वांची आहे' असं लिहिलं होतं आणि त्याला कुलूप होतं. किल्ली मागायला गेलं की दारातच प्रश्न यायचा. तुम्हाला ठाऊकच आहे कोणता.

आता सुकटीचं सांगते.

माहेरून सुकट आली की ती उन्हाला घालायला लागते. पण फ्लॅटमधली सुधारलेली बाई सुकट वाळत घालते हे मला लोकांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी गच्चीवर पोह्याचे पापड पसरायचे, आणि पापडांच्या चादरीखाली दुसरी चादर, तिच्यात सुकट. माझ्या मते ही फार हुशारीची योजना होती. पण मांजरांचं मत वेगळं होतं. सगळ्या रोह्यातली मांजरं आमच्या गच्चीवर यायला लागली.

सेक्रेटरींनी सभा लावली. विषय : मांजरे.

मी उभी राहिले आणि बोलले. माझं ते भाषण आठवलं की आजही मी पदरात तोंड लपवते. "बदलत्या काळात भटक्या प्राण्यांचा उपद्रव ही एक गंभीर समस्या बनली आहे," असं मी म्हणाले. सेक्रेटरी लक्षपूर्वक ऐकत होते. तेवढ्यात फाटकातून माझी आई आली, डोक्यावर पाटी, आणि तिने पन्नास माणसांना पुरेल अशा आवाजात विचारलं, "गो बाय, सुकाट उलाटलीस का नाय? उन कलतंय."

कुणीतरी खोकलं. आमचे हे चपलेचा अंगठा नीट करायला वाकले ते वर आलेच नाहीत.

सेक्रेटरी अंडंदेखील न खाणारे. आता आपल्याला सुकटीसकट खाली जावं लागणार असं मी धरून चालले. ते उठले, अंगणाच्या मधोमध गेले, छत्रीचं टोक वर करून वारा कुठून येतोय ते बघितलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. "वारा पश्चिमेचा आहे. सुकट पूर्वेच्या कठड्याला घालावी. पापड पश्चिमेला. मांजरांसाठी वर जाळी टाकावी. हरकत?"

कुणाचीच नव्हती. कोण काय खातं, कुठल्या गावचं आहे, यातलं काही त्यांच्या नियमात नव्हतं. फक्त दिशा होती. पुढच्याच आठवड्यात पूर्वेच्या कठड्यावर हिरवी अक्षरं आली, 'सुकट'. बाण काढलेला. येणारे-जाणारे पाहुणे तो बाण वाचायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आईला मात्र तो इतका आवडला की ती दर खेपेला त्याला हात लावून बघायची. "मानूस सरल हाय," म्हणायची. "तूच कनाला लपवत होतीस?"

त्यांचं हे नियमांचं वेड कुठून आलं ते काकूंनी एकदा शेंगा सोलता सोलता सांगितलं. सगळी नोकरी सरकारी. म्हसळा, माणगाव, पाली, जिथे बदली तिथलं क्वार्टर. "क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागायचा," काकू म्हणाल्या. "मंजुरी येईपर्यंत आमची पुढची बदली. इथे राहायला आलो त्या दिवशी यांनी काय केलं, तर आधी हातोडी घेतली आणि बाहेरच्या खोलीत एक खिळा ठोकला."

"काय लावलं त्याला?"

"काही नाही. अजून रिकामाच आहे. मधूनमधून बघतात त्याच्याकडे."

असा तो माणूस. आणि त्याच्या वाट्याला ही बिल्डिंग आलेली, जी त्याची नव्हतीच. म्हणजे घरं आमची, पण खालची जमीन ज्याने बिल्डिंग बांधली त्या शेठच्याच नावावर. ती सोसायटीच्या नावावर करून द्यायची राहून गेली होती. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जमीन कुठे पळून जाते, असं आमचे हे म्हणायचे. मग एका सकाळी दोन माणसं आली आणि आमच्या अंगणात फक्कीच्या रेघा मारून गेली. शेठला तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते, अगदी आमच्या खिडक्यांना नाक लावून.

सेक्रेटरी छत्री घेऊन बाजारपेठेत शेठच्या दुकानात गेले. शेठ हसला. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, तुमची सगळी घरं एका सभेला बसवा. एकही कमी नको. एकमताने ठराव करून आणा, जमीन नावावर करून देतो. शब्द आहे माझा."

शेठ मूर्ख नव्हता. आमच्या बिल्डिंगला तोवर साधं नावदेखील नव्हतं. नाव ठरवायच्या सभेला कधी पुरेसे सभासद आलेच नाहीत, त्यामुळे पोस्टमन पत्रावर 'शेठची बिल्डिंग' असं वाचायचा. काही पुरुष फर्स्ट शिफ्टला, काही सेकंडला, उरलेले नाइट करून झोपलेले. जे जागे असत त्यांना नेमकं सभेच्या वेळी दळण आठवायचं.

"ह्यात काय एवढं," आमचे हे सेक्रेटरींना म्हणाले. "घरोघरी फिरून सह्या घेऊन टाका की."

"ठराव सभेत होतो," सेक्रेटरी म्हणाले. "जिन्यात होत नाही."

आणि त्यांनी सभा लावल्या. एकामागून एक. प्रत्येक वेळी अंगणात सतरंजी अंथरायची, खुर्ची मांडायची, अर्धा तास वाट बघायची आणि सभा तहकूब करायची. कधी दोन घरं कमी, कधी पाच. एकदा सगळे आले, पण मध्येच कंपनीचा भोंगा झाला आणि चौघं उठून गेले. फक्कीच्या रेघा पुसट झाल्या की शेठची माणसं येऊन पुन्हा मारून जात. सेक्रेटरी वाळायला लागले. छत्रीने मोजणंही बंद झालं. साड्या खिडक्यांवर लोंबू लागल्या तरी कुणी काही म्हणेना, तेव्हा आमच्या महिला मंडळालाही चुकल्यासारखं व्हायला लागलं.

वालाच्या शेंगा बाजारात आल्या तसं मला सुचलं. मी त्यांच्या दारात गेले.

"विषय काय आहे?"

"पोपटी," मी म्हणाले.

ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, ती घरात होत नाही. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, कुणाला अंडी, कुणाला मसाला लावलेली कोंबडी. तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवायचं. त्याचा वास सुटला की आमच्या रायगडातला माणूस असेल तिथून उठून येतो. मी म्हटलं, सभा नका लावू, पोपटी लावा. सगळे येतील. मडकं उघडायच्या आधी ठराव करून घ्या.

सेक्रेटरींनी चष्मा नाकावर वर ढकलला. मग म्हणाले, "एक मडकं शाकाहारी."

आई आदल्या दिवशीच आली, बांधावरचा भांबुर्डा आणि मिठागरातलं खडेमीठ घेऊन. मी पदर खोचून सगळ्यांना सांगत फिरत होते की पोपटी झाली की नाही हे मला नुसत्या वासावरून कळतं, माझी आजवर एक शेंग करपलेली नाही. पुढाऱ्यासारखं बोलायची सवय लागली होती ना.

दिवस कलताना पेटवलं. वास सुटला आणि काय सांगू, दारं उघडली. नाइटवाले डोळे चोळत उतरले, सेकंडवाले रजा टाकून थांबलेच होते. दळणवाले दळणाशिवाय आले. अध्यक्ष आणि खजिनदार एकाच जिन्याने आले. सतरंजी पुरेना. सेक्रेटरी खुर्चीत बसून एकेक घर डोळ्यांनी टिपत होते आणि त्यांची मान एका जागी थांबली. तिसऱ्या मजल्यावरचे म्हात्रे नव्हते.

"फर्स्ट शिफ्टला आहेत," म्हात्रेवहिनी म्हणाल्या. "एव्हाना यायला हवे होते. रिलीव्हर आला नसेल."

कंपनीत तसंच असतं. पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. आम्ही थांबलो. मी मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडून गेलं. म्हणजे झाली.

"झाली," मी म्हणाले. "विस्तव ओढू द्या."

"थांबा."

"अहो, झाली म्हणते ना."

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "मडकं उघडलं की लोक खातील. खाल्लं की जातील. पुन्हा कुणी येणार नाही."

मी आईकडे बघितलं. आईने विस्तवाकडे बघितलं. "सायेब, जलंल ती," ती म्हणाली.

"जळू दे, बाई."

"इतकी जनां खायाला बसलीत."

"म्हणून तर बसलीत," सेक्रेटरी म्हणाले.

मग जे झालं ते आमच्या बिल्डिंगमध्येच होऊ शकतं. बारा घरची माणसं सतरंजीवर मांडी घालून बसली होती आणि समोर त्यांची पोपटी जळत होती. आधी भांबुर्ड्याचा छान वास होता, मग करपटसर झाला, मग नुसताच धूर. पोरं आयांना विचारत होती, आया सेक्रेटरींकडे बघत होत्या. मी मडक्यांभोवती कोंबडीसारखी फिरत होते. माझी अब्रू आत होती. कुणी उठायला लागलं की सेक्रेटरी नुसतं म्हणायचे, "मडकं अजून उघडलेलं नाही," आणि तो पुन्हा बसायचा, कारण आशा वाईट असते.

म्हात्रे आले ते कंपनीच्या कपड्यातच, डबा काखेत धरून धावत. "काय झालं? कुणाच्या घरी काय?" धूर बघून त्यांना वाटलं, बिल्डिंग पेटली.

"बसा," सेक्रेटरी म्हणाले. ते उभे राहिले. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी ठराव वाचला. जमीन संस्थेच्या नावे करून घेण्यात यावी. अनुकूल? सगळे हात वर. प्रतिकूल? एक हात वर होता, तो शिंकणाऱ्या कुणाचा तरी होता, तो खाली घ्यायला लावला. "ठराव एकमताने मंजूर," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले ते अगदी रिकाम्या पोत्यासारखे.

मडकी उघडली. आतला कोळसा वर्णन करण्यासारखा नव्हता. माझे डोळे भरून आले होते, धुराने, असं मी सगळ्यांना सांगितलं. सेक्रेटरी शाकाहारी मडक्यापाशी जाऊन बसले. काळी शेंग उचलली, सोलली. आत एक दाणा जरा हिरवा निघाला, तो तोंडात टाकला.

"चांगली झालीय," ते म्हणाले.

आणि इतिवृत्तात लिहिलं, 'पोपटी जळाल्याबद्दल सभेने खेद व्यक्त केला.' तोही ठराव एकमताने.

शेठने पुढे पुष्कळ हेलपाटे घालायला लावले. पण शब्द बाजारपेठेत दिलेला, आणि सेक्रेटरी रोज छत्री घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे. गिऱ्हाईकच विचारायला लागलं, "शेठ, त्यांचं काय झालं?" शेवटी जमीन नावावर झाली. फक्कीच्या रेघा पावसाने धुतल्या त्या पुन्हा कुणी मारल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच सेक्रेटरींनी अंगणात बोर्ड लावला, 'येथे गाड्या लावू नयेत.' बिल्डिंगमध्ये तेव्हा गाडी कुणाकडेच नव्हती.

काही वर्षांनी काकू बाथरूममध्ये पडल्या. मांडीचं हाड गेलं. वरचा मजला, जिना, ते त्यांना जमेना. मुलगा नाशिकला, तो म्हणाला, आता बास. घर विकलं गेलं, सामान आधीच ट्रकने गेलं. राहिला तो राजीनामा. तो सभेत मंजूर झाल्याशिवाय सेक्रेटरी जागेवरून हलणारे नव्हते. त्यांनी निघायच्या दिवशी सकाळची सभा लावली.

मी बिल्डिंगभर फिरले. म्हटलं, कुणी जायचं नाही. सभाच झाली नाही तर राजीनामा कसला, आणि राजीनामा नाही तर ते जातात कसे? सगळ्यांना पटलं. तसं बघितलं तर आमच्या बिल्डिंगचा हा तिसरा एकमताचा निर्णय, फक्त तो जिन्यात झाला.

सकाळी सतरंजी त्यांनीच अंथरली. खुर्ची मांडली. फाटकापाशी मुलाची गाडी उभी होती, मागच्या सीटवर काकू, पाय लांब करून, मांडीवर पिशवी. आम्ही सगळ्या खिडक्यांच्या पडद्यामागे. ते घड्याळाकडे बघत बसले. कुणी आलं नाही. मग ते उभे राहिले आणि रिकाम्या सतरंजीला म्हणाले, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब." अर्धा तास पुन्हा बसले. मग पुन्हा उठले. "तहकूब सभेला गणपूर्तीची आवश्यकता नाही. सभा सुरू होत आहे."

हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी राजीनामा वाचला. मोठ्याने, थांबत थांबत. "सूचक, मी स्वतः," ते म्हणाले. मग थांबले. ठरावाला दुसरं माणूसही लागतं, अनुमोदन द्यायला. ते कुणीच नव्हतं. त्यांनी वर खिडक्यांकडे पाहिलं नाही. खिडकीतून सभा बघणाऱ्याला ते हजर धरत नसत. ऊन चढत होतं. ते कागद धरून तसेच उभे राहिले, आणि मला माहीत होतं की ते संध्याकाळपर्यंत उभे राहतील. मी जिंकले होते म्हणायला हरकत नव्हती. मग मुलाने गाडीचं दार उघडून आईला काहीतरी विचारलं. काकूंनी नुसती मान हलवली आणि दुखऱ्या पायाखाली पिशवी सरकवली.

मी खाली उतरले.

"माझं अनुमोदन," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. घर आमच्या ह्यांच्या नावावर, आणि हे कंपनीत. नियमाने मी सभासदच नव्हते, माझं अनुमोदन म्हणजे नुसती हवा. हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पेनचं टोपण उघडलं.

"पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं. एवढी वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाला मी माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव एकेक करून सांगितलं आणि त्यांनी ते सावकाश लिहिलं.

"ठराव मंजूर. सभा संपली." कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला. गाडीकडे दोन पावलं गेले आणि वळले. "सतरंजी उन्हात घालून मगच घडी करा. दमट राहिली की वास मारते."

"व्हय," मी म्हणाले.

गाडी फाटकातून बाहेर पडली, नाशिकच्या रस्त्याला लागली. वर खिडक्यांत कुणीतरी नाक ओढलं. मी सतरंजी उचलायला वाकले, पण उचलली नाही. त्या उन्हात तशीच तिच्यावर बसून राहिले, त्या रिकाम्या खुर्चीसमोर.